बुवांचा बेस

त्याला सगळे 'खर्ज' म्हणत. आवाज जन्मापासूनच खालचा. शाळेत हजेरी द्यायला उभा राहिला की मास्तर विचारत, "काय रे, विहिरीतून बोलतोयस का?" पुढे कॉलेजात चौघांनी मिळून बँड काढला, तेव्हा बेस गिटार कुणी वाजवायची यावर चर्चासुद्धा झाली नाही. आतेभावाने लीड गिटार घेतली, कारण बँडची कल्पना त्याची आणि सरावाची गच्चीही त्याच्याच घराची. दुसऱ्याने ड्रम घेतले, तिसऱ्याला गाता येत नव्हतं पण दिसायला बरा होता म्हणून तो गायक झाला. उरलेली चार जाड तारांची गिटार खर्जच्या गळ्यात पडली.

बँड तीन वर्षं चालला. एका कार्यक्रमात खर्जच्या गिटारची वायर निसटली आणि लागोपाठ तीन गाण्यांत बेस वाजलाच नाही. खाली उतरल्यावर आतेभाऊ त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आज काय वाजवलंस रे!" खर्ज नुसता हसला. उगाच कशाला कुणाच्या आनंदावर विरजण घाला?

मग ज्याचे त्याचे मार्ग फुटले. खर्ज दातांच्या कवळ्या बनवायला शिकला आणि त्यातच राहिला. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची एका खोलीची कार्यशाळा होती. तीन डॉक्टर त्याच्याकडे जबड्यांचे साचे पाठवत. तो प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि डबीत घालून परत पाठवायचा. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं, पण त्यातलं एकही त्याच्याकडे बघून हसलेलं नव्हतं.

घरी तो एकटाच असे. बायको विमा कंपनीत होती. अकरा वर्षांपूर्वी तिची दुसऱ्या शहरात बदली झाली, दोन वर्षांसाठी. दोनाची चार झाली. सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा, मग रविवाराआड, मग कुठल्या कागदावर सही हवी असली की. भांडण असं कधी झालंच नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. मूलबाळ नव्हतं. दोघं शांतपणे एकमेकांच्या सवयीतून निघून गेली, एवढंच.

खर्ज त्रेपन्नाचा झाला त्या वर्षी आतेभावाने मोठं घर विकून लहान घेतलं आणि एक खोकं आणून त्याच्या दारात ठेवलं.

"तुझ्याकडे जागा आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे आता सुई ठेवायलाही नाही. फेकवत नाहीत रे."

"काय आहे त्यात?"

"बुवा!"

खोक्यात तेवीस रेकॉर्डी होत्या. एका विक्षिप्त रॉक गायकाच्या. चौघांनी त्याला कॉलेजातच 'बुवा' हे नाव ठेवलं होतं, कारण तो गाताना डोळे मिटून हात वर करी आणि काय म्हणतोय ते त्याचं त्यालाच ठाऊक असे. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. एक अख्खी रेकॉर्ड त्याने आपल्या मेलेल्या पोपटावर केली होती. एकीच्या मधोमध चार मिनिटं काहीच नव्हतं आणि वेष्टनावर लिहिलं होतं, 'इथे श्रोत्यांनी पाणी प्यावं.' एका मैफलीत तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत लोकांकडे पाठ करून उभा राहिला होता म्हणे. गच्चीवर सराव झाला की चौघं बुवा लावून पोट धरून हसत.

खोकं दोन महिने दारामागेच पडून होतं. मग एका सुट्टीच्या सकाळी कपडे वाळत घालता घालता खर्जने सहज त्यातली एक रेकॉर्ड लावली. त्याचा स्पीकर जुना होता. वरचा बारका पडदा, ज्यातून चिरके, पातळ आवाज येतात, तो केव्हाच फाटला होता. बातम्या ऐकायला काय लागतं, म्हणून त्याने तो कधी दुरुस्त केला नव्हता. त्यामुळे झालं असं, की बुवांचा गळा शेजारच्या खोलीत कोंडल्यासारखा लांब गेला, गिटारींचा कल्लोळ विरघळला आणि खालून, अगदी तळातून, बेस वर आला.

खर्ज ओला शर्ट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

ते पोपटाचंच गाणं होतं. वर बुवा गळा काढून रडत होते आणि खाली बेस एकेक पायरी उतरत होता, म्हातारा माणूस कठडा धरून जिना उतरतो तसा. मध्येच एका पायरीवर थांबायचा, दम खायचा, एक पायरी पुन्हा वर जायचा आणि मग दोन खाली. तीस वर्षांपूर्वी या गाण्यावर त्याच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. तेव्हा ही चाल होती कुठे? इथेच तर होती. त्याचं स्वतःचं वाद्य, आणि त्याला ते ऐकू आलं नव्हतं!

संध्याकाळी त्याने कपाटावरची गिटार खाली काढली. तारांना गंज चढला होता. दुसऱ्या दिवशी तो वाद्यांच्या दुकानात गेला.

"मुलासाठी हव्यात का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. मलाच."

दुकानदाराने त्याला एकदा खालीवर पाहिलं. "मग जरा बारीक घेऊन जा. या वयात बोटं सोलवटतील."

"सोलवटायला कातडी जिवंत लागते," खर्ज म्हणाला आणि त्याने प्लास्टर घासून घासून टणक झालेली बोटं पुढे केली. दुकानदाराने जाड तारांचं पाकीट काढलं.

तिथून सुरू झालं. रोज सहाला कार्यशाळा बंद करायची, घरी येऊन चहा टाकायचा आणि बुवा लावायचे. खर्जने एक वही घातली. पहिल्या पानावर लिहिलं, 'शिकण्याजोगी.' तेवीस रेकॉर्डींत दोनशे एकसष्ट गाणी निघाली. त्याने ती तांदूळ निवडावेत तशी निवडली. सुई उचल, मागे ने, पुन्हा टेक. बराचसा कचराच होता. बुवा काही सगळीकडे बुवा नव्हते. काही गाण्यांत बेसवाला नुसता हजेरी लावून गेला होता. पण अधूनमधून एखादा खडा लागावा तसा दाताखाली एक सूर यायचा आणि खर्ज चहाचा कप खाली ठेवायचा. तीन महिन्यांनी वहीत एकोणीस गाणी उरली.

मग एकेक करून शिकणं. सुई फार वेळा मागेपुढे केली तर रेकॉर्ड खराब होते, म्हणून तो आधी चाल तोंडपाठ करी. मेणात दात बसवताना आपल्या विहिरीतल्या आवाजात ती गुणगुणे. एका गाण्यात सगळे वादक चार-चार मोजत होते आणि बेस एकटा तीन-तीन मोजत चालला होता. तरी दर बाराव्या ठोक्याला सगळे एका उंबऱ्यावर भेटत, जणू ठरवलंच होतं. ते बोटांत बसायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत एका आजोबांच्या कवळीत एक सुळा उलटा बसला आणि डॉक्टरांनी ती परत पाठवली.

सगळ्यात कठीण गाणं मात्र वेगळंच होतं. त्यात बेस सहा मिनिटं एकच सूर वाजवतो. फक्त शेवटी एकदा तो अर्ध्या सुराने वर सरकतो आणि गाणं संपतं. खर्जला वाटलं, हे काय, चुटकीसरशी होईल. होईना. दोन मिनिटं झाली की बोट चुळबुळायचं, काहीतरी भर घालावीशी वाटायची. एक सूर जागच्या जागी, तितक्याच वजनाने, सहा मिनिटं. कुणी ऐकत नाही हे माहीत असूनही हलायचं नाही. तीन आठवड्यांनी ते जमलं तेव्हा त्याचे खांदे दुखत होते.

त्यानंतर त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. एकोणिसांतली चौदा गाणी एकापाठोपाठ निघालेल्या चार रेकॉर्डींवरची होती. हा बेसवाला कोण? त्याने वेष्टनं काढली आणि दातांच्या फटी तपासायचं भिंग लावून मागची बारीक अक्षरं वाचली. इतर रेकॉर्डींवर वादकांची नावं ओळीने होती. या चारांतल्या पहिलीवर लिहिलं होतं, 'बेस : मीच. बाकी कुणी आलं नाही.' दुसरीवर, 'बेस : मीच, पुन्हा.' तिसरीवर, 'बेस : मी.' चौथीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

खर्जने भिंग खाली ठेवलं. बुवांची माणसं बुवांना सोडून गेली होती, हे त्याला आज कळत होतं. लहरीला कंटाळली असतील, पैसे थकले असतील, कुणास ठाऊक. आणि हा माणूस रिकाम्या खोलीत बसून आधी बाकीची वाद्यं वाजवून ठेवी आणि मग त्यांच्याखाली स्वतःच जाऊन उभा राही. वरचा गळा जगाला हसवायला आणि खालचा बेस... तो कुणासाठी? खर्जने चारही वेष्टनं ओळीने मांडली. आपण या माणसाला तीन वर्षं रोज हसलो, याची त्याला आता लाज वाटली.

हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्याने आतेभावाला फोन केला.

"बुवांच्या गाण्यांना बेस होता?" आतेभाऊ हसून म्हणाला.

"अरे, तोच तर होता! ऐक, त्या चार रेकॉर्डी आहेत ना, त्यांच्यावर बुवांनी स्वतःच..."

"एक मिनिट हं, पंखा बसवणारा आलाय. मी करतो तुला नंतर."

नंतर फोन आला नाही. आतेभाऊ वाईट नव्हता. त्याच्या घरात पंखे बसत होते, माणसं ये-जा करत होती. खर्जने दुसऱ्या दिवशी कवळ्या न्यायला स्वतः आलेल्या एका डॉक्टरांना सांगून पाहिलं. ते "वा, छंद असावा माणसाला," म्हणाले आणि डब्या मोजून घेऊन गेले.

पावणेदोन महिन्यांनी बायकोचा फोन आला. संध्याकाळची वेळ होती. गिटार मांडीवरच होती. ती हळू आवाजात म्हणाली, "आता कागदोपत्री वेगळं होऊन टाकू या का? इकडच्या घराच्या व्यवहाराला बरं पडेल. तुझी हरकत नसेल तर."

"हरकत कसली," तो म्हणाला. खरंच नव्हती. तरी उत्तर देताना त्याचा अंगठा जाड तारेवर आपोआप पडला.

"काय वाजतंय?"

"गिटार. शिकतोय."

"तू? ती कपाटावरची?" ती थांबली. "इतकी वर्षं एकत्र राहिलो, एकदाही काढली नाहीस."

"मला वाटायचं, तुला आवाजाचा त्रास होईल."

"मला विचारलंस कधी?"

त्याने विचारलं नव्हतं. पलीकडून ती म्हणाली, "मग आता वाजव की. ऐकते."

त्याने फोन टेबलावर ठेवला आणि पोपटाच्या गाण्याची चाल वाजवली, जिना उतरत, दम खात, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत. त्याला ती इतकी चांगली यापूर्वी कधी जमली नव्हती. मग त्याने फोन कानाला लावला.

"काहीच ऐकू आलं नाही रे," ती म्हणाली. "नुसतं टकटक येत होतं. बोटांचं असेल."

"फोनमधून खालचे सूर जात नाहीत."

"हो का?" ती म्हणाली. "मी कागद घेऊनच येईन. पोस्टाने नको."

ती एका शनिवारी दुपारी आली. केस पांढरे झाले होते, चष्मा नवा होता. त्याने चहा केला. तिला साखर सोडून बरीच वर्षं झाली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिने तो तसाच प्यायला. दोघांनी टेबलावर बसून खुणा केलेल्या ठिकाणी सह्या केल्या. सात ठिकाणी. मग तिने कागद पिशवीत घातले आणि म्हणाली, "हं, आता ऐकव."

त्याने वाजवलं. खोली लहान होती. टेबल, कपबश्या, खिडकीची काच, सगळं बारीक थरथरत होतं. ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "छान आहे. पण दुःखी आहे. गाणं कुठलं हे?"

त्याने रेकॉर्ड लावली. आठवड्यापूर्वीच त्याने स्पीकरचा फाटका पडदा बदलून आणला होता, त्यामुळे बुवा पहिल्याच ओळीला पूर्ण ताकदीने किंचाळले.

"अगं बाई!" तिने कानांवर हात ठेवले. "कोण आहे हा? याला काय झालंय?"

"पोपट मेलाय त्याचा."

ती हसायला लागली. आधी दाबून, मग खळखळून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. खर्जलाही हसू आवरेना. लग्नाची बायको म्हणून ती शेवटची अशी कधी हसली होती ते त्याला आठवेना. हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि घड्याळ पाहिलं.

दारात चप्पल घालताना तिने विचारलं, "असली अजून किती शिकायची आहेत?"

"आठ राहिलीत."

"आणि ती झाली की?"

"बघू," तो म्हणाला. तिने मान हलवली आणि जिना उतरून गेली. तो खिडकीपाशी गेला, पण ती दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने गेली असावी. खाली दिसली नाही.

दोन्ही कप विसळून त्याने पालथे घातले. एका डॉक्टरांची वरच्या जबड्याची कवळी सोमवारी द्यायची होती, ती अजून मेणातच होती. पण आज शनिवार होता. त्याने वही उघडली, बाराव्या गाण्यावर बोट ठेवलं, रेकॉर्ड शोधून काढली आणि सुई टेकवली. चाल अवघड निघाली. संध्याकाळपर्यंत त्याला तिचे पहिले चारच सूर लागले, आणि चौथ्याबद्दल तर त्याची खात्री नव्हती.