जावेचे फासे

एकोणीस वर्षं थोरली जाऊ एकाच शाळेत दीनियात, म्हणजे इस्लामचं धर्मशिक्षण, शिकवत होती. पद्धत एकच: बाईंनी म्हणायचं, पोरांनी म्हणायचं, चुकलं की पुन्हा म्हणायचं. मग दिराचं लग्न झालं आणि वर्षभरात नवी जाऊ त्याच शाळेत, शेजारच्याच वर्गात, तोच विषय शिकवायला हजर झाली. घरात जाऊ ती जाऊ, शाळेतही जाऊच!

धाकटीनं फरशीवर खडूनं चौकोन आखले. फासा टाका, तेवढे चौकोन पुढे जा, नमाजाआधी हातपाय धुण्याची, वुजूची, पुढची पायरी करून दाखवा. चुकलात की परत दारापाशी. भिंतीपलीकडून हशा आला की थोरलीच्या वर्गातल्या माना तिकडे वळत आणि ती टेबलावर पट्टी आपटे. एका मुलीनं तर विचारलंच, "बाई, आपण कधी खेळायचं?"

"शिकायला येता की हुंदडायला?"

त्याच दुपारी ती मुख्याध्यापिकेकडे गेली. "फासे जुगाऱ्यांचे. धर्माच्या तासाला शोभतात का?" मुद्दा बिनतोड होता. पोटातलं कारण निराळं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

फासे बंद झाले. घरी धाकटी तोंड फुगवून बसेल असं तिला वाटलं होतं. पण भाजी निवडता निवडता धाकटी म्हणाली, "भाभी, बरं झालं सांगितलंत. माझ्या ध्यानातच आलं नाही. आता फाशाऐवजी प्रश्नांच्या चिठ्ठ्या करते. उत्तर आलं तर पुढे. प्रश्न तुम्ही काढून द्याल? तुमच्याइतकं कुणाला येतं?"

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मत्सर मात्र जिवंतच होता. खेळ पहिल्याच चौकोनात अडावा, असे प्रश्न तिनं मुद्दाम काढले.

खेळ अडलाच. धाकटी पोरांना म्हणाली, "जा, शेजारच्या बाईंना विचारून या."

मधल्या सुट्टीत थोरलीच्या टेबलाभोवती ही झुंबड! "बाई, वुजूला पाणीच नसेल तर?"

"स्वच्छ मातीवर हात ठेवायचे..." ती सांगत राहिली. घंटा झाली तरी पोरं हलेनात. एकोणीस वर्षांत आपणहून कुणी तिला काही विचारलं नव्हतं.

पालकसभेत कौतुक झालं ते धाकटीचंच. "प्रश्न भाभींचे आहेत," असं तिनं उठून सांगितलं, तरी टाळ्या तिलाच. थोरलीनंही वाजवल्या, जरा हळू. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "शिकवते बरी. पण प्रश्न नसते तर काय खेळली असती?" आणि वही ओढून आणखी अवघड प्रश्न काढायला बसली.