वाघीण होती म्हणे

आयच्या बाराव्याला अंगणात मांडव घातला होता. माइकसुद्धा आणला होता. एकेक जण उठायचा आणि तेच दळण दळायचा: माउली शेवटपर्यंत राबली, कामाला वाघीण होती. माझ्या थोरल्या भावाने तर छाती पुढे काढून सांगितलं, "ऐंशी पार केली तरी आमची आय लावणीला चिखलात उभी होती." लोकांनी माना डोलावल्या. मला शिसारी आली. शी! सांगायला लाज कशी वाटत नाही मेल्याला?

आमची शेती कापड्याजवळ, पोलादपूर तालुक्यात. बाबा नोकरीला मुंबईत, सणासुदीला येणार. मागे सगळं आयच्या डोक्यावर, आणि डोक्यावर म्हणजे खरोखरच डोक्यावर: पालापाचोळा, शेणाच्या पाट्या, भाताचे भारे. बाळंतिणीचा सव्वा महिना तिच्या वाट्याला कधी आलाच नाही. धाकट्या भावाच्या वेळी तर अंग सावरायच्या आत ती भारे उचलायला लागली होती.

मी लग्न होऊन महाडला आले, शाळेत शिकवायला लागले. काही वर्षांपूर्वी आयचा पाय मुरगळला म्हणून माहेरी राहायला गेले. आंघोळीला बसवलं तर लुगडं सोडेना. "तू जा गो भायेर, माजं मी करते." मी कसली ऐकते! लुगडं ओढलं. आधी वास आला, मग दिसलं. मांड्यांमध्ये जुन्या लुगड्याची घट्ट पट्टी, आणि ती सोडल्यावर गर्भपिशवी बाहेर आलेली, घासून घासून जखमा झालेली. मला ओकारीच आली. जन्म दिलेल्या आईच्या अंगाची किळस यावी! पण आली, खोटं कशाला बोलू?

"कधीपासून हाय हे?"

"धाकट्याच्या येळेपासून. त्यात काय गो, बायकांचं येतंच अंग भायेर."

धाकटा तेव्हा पंचेचाळिशीला आला होता.

महाडच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ऑपरेशन लवकर करून घ्या, आणि वाकणं, वजन उचलणं आजपासून बंद. दादा म्हणाला, "करू की. एवढी लावणी उरकू दे." लावणी उरकली. मग कापणी आली, मग झोडणी. मी फोनवर डोकं फोडून घ्यायचे, तर पलीकडून आयच म्हणायची, "बाय, तू नको मनाला लावून घेऊस. माणसं मिलत नाय हल्ली." मला तिचाही संताप यायचा. शेवटी मीच गाडी करून तिला पुन्हा नेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मशीन लावलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, आता हृदय थकलंय, भूल द्यायची हिंमत होत नाही. त्यानंतरही आय लावणीला गेली. पट्टी बांधून. कुणीही अडवलं नाही, आणि आता तेच माइकवरून कौतुकाने सांगत होते.

दादाने माइक माझ्या हातात दिला. "लेक म्हणून दोन शब्द बोल."

बोलले. "वाघीण कसली? तिची पिशवी बाहेर आली होती. उभं आयुष्य फडकं बांधून राबली ती. डॉक्टरांनी सांगितल्यावरही ह्यांनी तिला चिखलात उतरवली."

बापयेमाणसं जमिनीकडे बघायला लागली. "काय घाण बोलतेस चार माणसांत?" दादा खेकसला.

"घाण मी नाही केली," मी म्हटलं, माइक त्याच्या मांडीवर टाकला आणि मागे बायका बसल्या होत्या तिकडे गेले. आता ह्या पण तोंडं फिरवणार, अशी माझी खात्री होती. भावकीतली एक काकी सरकून जवळ आली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "गो, ती डाक्टरीन म्हाडात बसते कुठं?"

मी पत्ता सांगायला लागले. तेवढ्यात पंगतीला वाढायला निघालेली वहिनी, दादाची बायको, भाताचं पातेलं कमरेवर घेऊन तिथेच थांबली आणि ऐकू लागली.