खाली न ठेवता येणारी वीणा

गावात सप्ताहाचा मंडप उभा राहिला की बायकांची लगबग सुरू व्हायची आणि मला तो आठवडा कधी सरतो असं व्हायचं. देवाच्या कार्याबद्दल असं लिहिणं बरं दिसत नाही, पण खोटं कशाला लिहू? देवळावर दोन भोंगे लागतात. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत त्यांना उसंत नसते आणि आमचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. माझी लेक गौरी आता अकरा वर्षांची आहे. ती स्वमग्न आहे. ऑटिझम हा शब्द जालन्याच्या डॉक्टरांकडून मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ती चार वर्षांची होती. ती बोलत नाही. भोंग्याचा आवाज तिला अंगात सुई टोचावी तसा टोचतो. ती कान दाबून भिंतीवर डोकं आपटते, दिवसदिवस घास तोंडात घेत नाही.

यावर मी माझ्या अकलेनं एक उपाय काढला होता. दरवर्षी सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी तिला घेऊन मी मोसंबीच्या बागेतल्या आखाड्यावर राहायला जायची. आखाडा म्हणजे पत्र्याचं शेड, एक बाज आणि तीन दगडांची चूल. कुणी विचारलं तर सांगायची, बागेला राखण लागते. आठवडाभर गावाच्या पंगती उठायच्या आणि आम्ही मायलेकी वनवासात. माझे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, रोज संध्याकाळी प्रसाद घेऊन शेतात यायचे. "एकदा तिला देवळात आण ना पोरी. मी हाय ना संगं," असं ते दरवेळी म्हणायचे. मी म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. अशी पुढची वर्षं बरीच निघून गेली आणि मग मामाच गेले.

भोंग्याचं तोंड जरा फिरवा, असं गावाला सांगावं हे मनात आलं नव्हतं असं नाही. पण हरिनामाला आडवं कोण येणार? लोक म्हणतील, हिच्या एका पोरीपायी गावानं देवाचं नाव घ्यायचं सोडायचं का? लोक म्हणतील, मागच्या जन्माचं काही असेल. लोकांनी जे म्हटलं असतं ते सगळं मीच त्यांच्या वतीनं मनात म्हणून घेतलं आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिले. काळजी माझ्या अंगात अशी मुरली होती की गौरी झोपली तरी मी तिच्या नाकापुढे बोट धरून बघायची. माझ्यामागं हिचं कोण, हा प्रश्न तर भाकरी थापतानाही सुटत नसे. तिला माझ्याशिवाय कुणी सांभाळू शकणार नाही, असं मी धरूनच चालले होते. आज वाटतं, त्यात मायेइतकाच अहंकारही होता.

गेल्या वर्षीची गोष्ट. सप्ताह मध्यावर आला होता. दुपारी बाजेवर माझा डोळा लागला. उठले तर गौरी शेजारी नव्हती. मी धावले ती थेट विहिरीकडं, कारण पाण्याचं तिला फार वेड. काठावर पालथी पडून खाली पाहिलं. पाणी स्थिर होतं. पण पाणी स्थिर दिसलं म्हणून आईला धीर येत नाही. इतकी वर्षं मी देवाकडं एकच मागत आले होते, की ती बोलू दे, चारचौघींसारखी होऊ दे. त्या काठावर त्यातलं काही आठवलं नाही. एवढंच म्हटलं, पांडुरंगा, ती असू दे. जशी आहे तशी असू दे.

बांधावरून गावाकडं पळत सुटले. निम्म्या वाटेत लक्षात आलं, भोंगा गप्प होता. लाईट गेली होती. गल्लीच्या तोंडाशी धुणं वाळत घालणारी एक बाई म्हणाली, "तुमची गौरी ना? ती तर देवळाकडं गेल्ती मघाशीच."

आमच्याकडं सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकू देत नाहीत. दोन-दोन तासांचा एकेकाचा पहारा असतो. पुढचा माणूस येऊन वीणा गळ्यात घेईपर्यंत आधीच्यानं उभंच राहायचं. दुपारचा पहारा बायकांचा. त्या दिवशी वीणा एका अनोळखी, वयस्कर बाईच्या गळ्यात होती. गौरी तिला खेटून उभी होती, वीणेच्या भोपळ्याला गाल लावून, डोळे मिटून. बाई एका बोटानं तार छेडत होती, हळू, जणू कुणी झोपलंय. पुढच्या पहाऱ्याची बाई बाजूला हात जोडून थांबली होती. पहारा केव्हाच बदलायला हवा होता, पण दोघींपैकी कुणी घाई केली नव्हती, हे मला मागाहून कळलं. माझ्या लेकीचा चेहरा इतका निवांत मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

आणि मी काय केलं? धावत जाऊन तिचा दंड धरला आणि ओढलं. "माफ करा, तिला कळत न्हाई, माफ करा," असं सगळ्या मंडपाला सांगत सुटले. गौरी किंचाळली, स्वतःचंच मनगट चावू लागली. ती बाई घाबरली नाही की रागावली नाही.

"राहू द्या ना बाई," ती म्हणाली. "कुठं तरास देऊन राह्यली ती? मला बराबर टेकू झाल्ता तिचा."

मी थांबले नाही. गौरीला ओढतच घरी नेलं. दुसऱ्या दिवशी लाज बाजूला ठेवून पुन्हा देवळात गेले, तर कळलं, ती बाई शहागडकडची, कुणाची तरी पाहुणी होती, सकाळच्या गाडीनं निघून गेली होती. दुपारी लाईट गेल्यावर गौरीला पायरीपाशी आणलं, पण ती वर चढेना. मी ओढलेला तो हात तिच्या लक्षात राहिला असावा. लाईट तर आमच्याकडं रोजच जाते, त्यात देवाचा हात कसला, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. माझ्यापुरतं मला कळलं, की जे मागितलं नव्हतं तेही माझ्या लेकीला मिळालं होतं आणि ते मी माझ्या हातानं ओढून काढलं.

यंदा सप्ताहाच्या बैठकीला गेले. म्हटलं, आमच्या घराकडचा भोंगा जरा दुसरीकडं वळवता येईल का, पोरीला सोसत नाही. व्यवस्था बघणारे तात्या माझ्याकडं वळले.

"एवढंच व्हय? मंग इतके दिस सांगितलं का न्हाई?" ते म्हणाले. "आमाला वाटायचं तुमाला सप्ताच आवडत न्हाई."

तो भोंगा त्यांनी काढूनच टाकला. मी घरी येऊन खूप रडले. ज्या गावाला मी इतकी वर्षं घाबरले, ते गाव तितकीच वर्षं माझ्या न येण्याचं वाईट वाटून घेत होतं. मामा असते तर हसले असते. ते नाहीत, हे त्या दिवशी नव्यानं लागलं.

त्याच बैठकीत दुपारच्या पहाऱ्याला माझं नाव लागलं. सप्ताह बसला आणि माझी पाळी आली, तेव्हा गौरीला शेजारच्या सुमनकाकूंकडं सोडून मी वीणा गळ्यात घेतली. थोड्या वेळानं आमच्या गल्लीतून तिची किंकाळी ऐकू आली. माझे पाय आपोआप वळले. पण वीणा खाली ठेवता येत नाही आणि घ्यायला जवळ कुणी नव्हतं. मी डोळे मिटले. तार छेडत राहिले आणि म्हटलं, आता तूच बघ. आयुष्यात पहिल्यांदा हे नुसतं तोंडानं म्हटलं नव्हतं. किंकाळी आणखी एकदा आली, मग बारीक झाली, मग थांबली.

कुणी थांबवली, कशी थांबवली, ते मी सुमनकाकूंना अजून विचारलेलं नाही. माझ्यावाचून ती शांत झाली, एवढं मला पुरे आहे. देवानं माझ्यासाठी माणसं कधीचीच उभी केली होती. त्यांच्या हाती लेक द्यायला मीच इतका उशीर केला.