बिनटपाच्या बसवरचा माणूस

गुडीहत्नूर गावातल्या एका जुन्या बसचा टप सडला, तेव्हा बसवरच्या या माणसानंच तो कापून काढला. तेव्हापासून ती उघडी बस वरातीत फिरते आणि हा मागं बेचक्याचा बांबू घेऊन उभा असतो. वाटेत फांदी आली, की बांबूनं वर उचलतो आणि वऱ्हाडावर ओरडतो, "डोक्सं सांभाळा हो!" चहाच्या टपरीत शिरतानाही मला तेच बजावतो. एकदा मी हसलो.

"काऊन हासता भाऊ? आदतच पडली."

मागच्या महिन्यात बाबा गेले. तिरडी खांद्यावर घेऊन आम्ही निघालो, तर दारातल्या लिंबाची फांदी आडवी आली. तो धावत पुढं झाला. फांदी दोन्ही हातांनी वर धरली आणि हळूच म्हणाला, "डोक्सं सांभाळा, काका."