चोपड्याला शिजलेला अडोबो

माझी बायको फिलिपिन्सची. आखाती देशात मी एसी दुरुस्तीचं काम करायचो आणि ती तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. लग्न करून आम्ही जळगावला आलो आणि एका मुस्लिम घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली घरमालकीण राहायच्या, शिवणकाम करणाऱ्या, विधवा. आम्ही त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. बायकोला हिंदी त्यांनीच शिकवली, रिक्षावाल्याशी भांडायला शिकवलं, आणि तिला दिवस गेल्याचं माझ्याआधी त्यांनाच कळलं.

सातवा महिना चालू होता तेव्हा तिकडे तिची आई वारली. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं. अंत्यविधी तिनं फोनच्या पडद्यावर पाहिला आणि त्यानंतर तिचं जेवणच सुटलं. वरण-भात पुढे ठेवला की दोन घास खायची आणि उठायची. गाल बसले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळाचं वजन वाढत नाहीये. तिला काय आवडतं ते खाऊ घाला."

मी विचारलं तर म्हणाली, "आईचा अडोबो."

अडोबो म्हणजे व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र आणि मिरे घालून मंद आचेवर शिजवलेलं मांस. कोंबडीचा ती नेहमी करायची. मी लगेच चिकन आणतो म्हणालो. तिनं मान हलवली. "आई पोर्कचा करायची."

घरात ते शिजवणं शक्यच नव्हतं. खाली खाला. आणि माझ्या स्वतःच्या घरी तर हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. आम्ही बौद्ध. आजोबांच्या काळी गावात आमच्या वस्तीत डुकरं होती. वडील शाळेत गेले की पोरं नाकाला हात लावून आवाज काढायची. वडील शिकले, नोकरीला लागले, चोपड्याला घर बांधलं, आणि त्या घरात डुकराचं मांस कधी आलं नाही. नुसता विषय निघाला तरी ते ताटावरून उठायचे.

मी टाळत राहिलो. शेवटी बायको मला न विचारता खालाकडे गेली. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. घर सोडावं लागणार, असंच मला वाटत होतं. या दिवसांत नवीन घर कुठे शोधायचं? परदेशी बायकोला घर द्यायला आधीच कोणी तयार नव्हतं.

खालांनी शिवणयंत्र थांबवलं. मग म्हणाल्या, "बेटी, मेरे घर में ये नहीं पक सकता. तू बुरा मत मान." आणि तिचा हात धरून, "पर तेरा खाना जरूरी है. ससुर के घर जा. खाके आ."

त्यांना काय माहीत, माझ्या वडिलांचं घर त्याहून अवघड होतं ते.

मी वडिलांना, आबांना, फोन केला. तिची आई गेली, ती जेवत नाही, डॉक्टर असं म्हणतात, सगळं सांगितलं आणि शेवटी तो शब्द उच्चारला. आबा एवढंच म्हणाले, "आन."

बायकोला आदल्या दिवशी चोपड्याला सोडलं आणि सकाळी मोटरसायकलवर भुसावळ गाठलं. तिथं एक जण शेतात डुकरं पाळतो. गटारीकाठची घ्यायची नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अर्धं कच्चं राहिलं तर जंत होतात, गरोदर बाईला धोका असतो, हेही सांगितलं होतं. चरबीचे जाड थर आणि वर कातडी असलेला पोटाकडचा भाग मी घेतला, स्टीलच्या डब्यात बर्फ घालून पिशवीत ठेवला आणि यावल रस्त्याला लागलो.

तापीचा पूल मागे पडला. दोन्ही बाजूंना केळी. एका वळणावर सात-आठ माणसं गाईचं मांस आहे का ते बघायला गाड्या अडवत होती. कोण होती, कोणी उभं केलं होतं, मला आजही माहीत नाही. एका टेम्पोचा ड्रायव्हर हात जोडून उभा होता. मागे वळावं असं वाटलं, पण त्यांनी मला पाहिलं होतं. पळालो असतो तर पाठलाग झाला असता.

"पिशवीत काय?"

"डबा."

"डब्यात काय?"

"मटन."

"कशाचं?"

बकऱ्याचं म्हणालो आणि त्यांनी झाकण उघडलं तर ती पांढरी चरबी, ती कातडी! खोटं बोलताना सापडलेल्या माणसाचं पुढे कोण ऐकतं? आणि खरं बोललो तरी यांना ते कसं लागेल, काही सांगता येत नव्हतं. चोपड्याला वाट बघत बसलेली बायको डोळ्यापुढे आली.

"डुकराचं," मी म्हणालो.

एकानं डबा ओढला, झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्यानं विचारलं, "आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं.

तो हसला. "मंग बरोबर शे." सगळेच हसले. पहिल्यानं झाकण माझ्या अंगावर फेकलं आणि हात पँटला पुसले. "जाय. लवकर जाय."

गाडी सुरू करताना घाईत किक दोनदा हुकली. पुढे एका केळीच्या बागेशी थांबून मी ओकलो. जीव वाचला याचा आनंद व्हायला हवा होता, पण ते हसणं अंगाला चिकटून राहिलं.

आबा दारातच होते. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "कोनी अडावं का?"

मी होय म्हटलं. काय सांगितलं, तेही सांगितलं. आडनावाचंही.

आबांनी डबा माझ्या हातातून घेतला. त्याला ते हात लावतील असं मला वाटलं नव्हतं. मागच्या अंगणात नेऊन त्यांनी चुलीजवळ ठेवला, मग साऱ्या गल्लीत वास जाऊ नये म्हणून पुढचं दार लावलं, खिडक्या लावल्या. "वास बठ्ठा गल्लीमा जाई," स्वतःशीच बोलले आणि खुर्ची घेऊन दाराच्या आत बसले. कोणी आलं तर काय सांगायचं ते बहुतेक ठरवत असावेत.

बायकोनं मांसाचे मोठे तुकडे केले. भरपूर लसूण ठेचला. व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत मला पळी लावू दिली नाही, नाहीतर आंबट कच्चा वास राहतो म्हणाली. मी सारखा विचारत होतो, "शिजलं का?" ती हो म्हणायची आणि मी पुन्हा झाकण ठेवायचो. जंताची भीती डोक्यातून जाईना. शेवटी कातडी बोटानं दाबली तर तुटायला लागली. रस काळसर, दाट झाला होता.

वास पसरला तेव्हा बाहेर कोणीतरी कडी वाजवली. आम्ही दोघंही थिजलो. शेजारची बाई होती. आबांचा आवाज ऐकू आला, "सून जेवी राहिनी. नंतर ये, अक्का." पावलं लांब गेली.

बायकोनं गरम भातावर रस घेतला. पहिला घास तोंडात घातला आणि ती रडायला लागली. रडत रडत खात राहिली. ताट संपवलं आणि पुन्हा भात मागितला. मी मात्र फक्त तिच्या पोटाकडे बघत होतो. आता काही दुखेल, आता काही होईल, असं वाटत होतं. रात्रभर तिच्या श्वासाकडे माझं लक्ष होतं. काही झालं नाही.

त्याच दिवशी जेवून उठल्यावर तिनं एका वाटीत दोन तुकडे काढून आबांपुढे धरले होते. यामागचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. आबांनी वाटी घेतली, मांडीवर ठेवली, बराच वेळ त्या तुकड्यांकडे पाहिलं. खाल्लं नाही. पण परतही दिली नाही. "छान वास शे, बेटा," म्हणाले.

मुलगी वेळेवर झाली, वजनही चांगलं भरलं. दवाखान्यात पहिलं दुपटं खालांनी स्वतः शिवून आणलं. आईच्या आठवणीचा दिवस आला की बायको अजूनही चोपड्याला जायचं म्हणते आणि मी भुसावळला जातो. आता जास्त गर्दीच्या, लांबच्या रस्त्यानं. पिशवी मांडीपुढे टाकीवर ठेवतो, आणि पुढे कोणी हात वर केला, अगदी लिफ्ट मागायला जरी केला, तरी माझा हात ब्रेकवर आवळतो.