अक्काच्या पऱ्हाट्या

गॅसचं सिलिंडर संपलं होतं. नवीन लावून मी शेगडी पेटवत होते, तोच भडगावजवळच्या आमच्या गावाहून मंगलाचा फोन आला, "काकू, आई गेल्या." मंगला म्हणजे माझ्या थोरल्या जावेची, अक्काची सून. मी गॅस बंद केला आणि खालीच बसले. रडू आलं, पण त्या रडण्यातही एक जुनं शल्य खुपत होतं... हिच्याशी बरोबरी करायची राहूनच गेली.

बरोबरी कशाची, तर चुलीची. आमचं बिऱ्हाड जळगावला आलं तेव्हा भावकीत पहिला गॅस माझाच. अक्का गावात, मातीच्या चुलीपाशी. मला वाटलं, आता आपण वरचढ. पण पाहुणे माझ्याकडे चहा प्यायचे आणि जेवायला तिच्याकडे जायचे. जळणाची नस तिला ठाऊक. दूध तापवायला गोवरी, तिची धग मंद. चूल पेटवायला तुरीच्या काड्या. खापरावर मांडे करायचे तर बाभळीचं लाकूड. आणि भरिताची वांगी भाजायला पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटून वाळवलेली कपाशीची झाडं. माती झटकून, बारीक-जाड वेगळ्या करून ती त्यांचे भारे बांधायची. माझे यजमान, सगळ्यांचे नाना, तिचं भरीत खाताना डोळे मिटायचे. माझ्या ताटावर त्यांनी कधी डोळे मिटले नाहीत.

एकदा मीही जळगावच्या जुन्या घराच्या अंगणात भरिताचा घाट घातला. पऱ्हाट्या दमट, पेटेनात, आणि पाहुणे तर येऊन बसलेले, त्यांत अक्काही. मी वरून रॉकेल ओतलं. पहिल्या घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी. नाना म्हणाले, "वांगी स्टोव्हात बुडवली होती का?" अक्का पदर खोचत उठली, "रॉकेल दिवाम्हा टाकतस वो शालू, वांगावर नही." सगळे हसले. मग तिनेच विस्तव सारखा केला, उरलेली वांगी भाजली आणि माझी पंगत सावरली. टोमणा मी विसरलेही असते, ते सावरणं नाही...

पुढे तिच्याकडेही गॅस आला. वाटलं, आता दोघी सारख्या. तर त्यावर ती फक्त चहा करायची, आणि तोही माझ्यापेक्षा बरा व्हायचा.

तेराव्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा गावी गेलो. नानांना भरीत खावंसं वाटलं. मंगला म्हणाली, "काकू, आईंनी बांधलेले दोन भारे उरलेत. तुम्हीच भाजा." मी भाजलं. आधी बारीक काड्या, साल करपायला. मग जाड बुंधे, आतला गर शिजायला. घाई केली नाही. बडगीत, म्हणजे भरिताच्या लाकडी भांड्यात ठेचून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर वाढलं. नानांनी घास घेतला... आणि डोळे मिटले. मी वाढायला उचललेला हात तसाच धरून उभी.

"थेट वहिनीच्या हातचं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "भाकर घ्या अजून."

दुसरा भारा मी जळगावला आणलाय. फ्लॅटच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली. इथे जाळ करता येत नाही. माझी सून म्हणते, "आई, फेकू का? पाली होतात." मी म्हणते, राहू दे. त्याला सुतळी नाही. कपाशीचीच ओली साल पिळून अक्काने गाठ मारलीय. साल भिजवून तशी गाठ मी मारून पाहते अधूनमधून... सुटते.