साउकाकांची शिंक

हसायला आलेली माणसं रडत होती आणि कपाटात कोंडलेल्या साउकाकांना काही उमगत नव्हतं.

साउ लाम जन्मभर विनोदी नट. विजार सुटणं, टोपलीत पडणं, नायकाच्या लाथा खाणं, हे त्यांचं काम. वाँग-को, म्हणजे दुःखाचं ते लांबलचक गाणं, नायकाच्या वाट्याचं. त्याच्या पहिल्या ओळीअखेर आवाज खाली एका स्वरावर येऊन टेकतो आणि मैदान टाळ्यांनी भरून जातं. ती टाळी साउकाका तरुणपणापासून विंगेतून ऐकत आले होते.

यंदा नाटक कंपनीच्या नव्या लेखिकेनं, ट्रांगनं, एका फ्रेंच प्रहसनाचं संगीत नाटक केलं. म्हातारा नवरा, तरुण बायको, बायकोचा यार. गडबडीत याराऐवजी नवराच कपाटात कोंडला जातो. अशा म्हाताऱ्यानं फटीतून वाँग-को म्हटलं तर लोक लोळतील, असं ट्रांगला वाटलं.

व्हिएतनामात, मेकाँग नदीच्या काठी मात्र वाँग-को गाणाऱ्यावर अन्यायच झालेला असतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ट्रांग विसरली. मालक विसरले. साउकाकांना तर आठवायचंच नव्हतं.

देवळाच्या उत्सवात पहिला प्रयोग झाला. काकांचा आवाज खाली उतरला. टाळी पडली. पाठोपाठ बायका डोळे पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिएन बाजारात गेली. ही काकांची भाची, त्यांनीच कंपनीत वाढवलेली. नाटकातली बायको तीच.

"मासे संपले," कोळीण म्हणाली.

"टोपली तर भरलेली आहे, मावशी."

"ती नवऱ्याला कोंडून न ठेवणाऱ्यांसाठी आहे."

शेजारची भाजीवाली म्हणाली, "याराला सांग की जाळं टाकायला."

लिएन रिकाम्या हातानं नावेवर परतली. कंपनीचं बिऱ्हाड नावेतच होतं.

"काका, दोन प्रयोग राहिलेत. मी ही बायको करायची नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघून थुंकतात हो."

ट्रांगचा चेहरा उतरला. "गाणं काढू या, काका. चूक माझीच आहे."

"काढ," साउकाका म्हणाले. मग म्हणाले, "आजच्या दिवस राहू दे. बघतो काहीतरी."

काय बघणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं. एवढं एकच गाणं वाट्याला आलेलं. आणि ही पोर त्यांच्या मांडीवर झोपून मोठी झालेली.

संध्याकाळी रंगमंचामागे नट ज्याला देव मानतात त्या मूळपुरुषाच्या देव्हाऱ्यापुढे त्यांनी उदबत्ती लावली. मागायचं काय ते ठरेना. तसेच कपाटात शिरले.

गाणं सुरू झालं. गळा छान लागला होता. कालच्यापेक्षाही छान. फटीतून लिएन दिसत होती. याराला चहा ओतताना खोटं हसत होती आणि प्रेक्षकांकडे बघायचं टाळत होती. पुढच्या रांगेत कोळणीनं पदरासारखा गळ्यातला पंचा डोळ्यांकडे नेला.

आवाज खाली उतरू लागला. आता टेकणार, तिथेच साउकाका शिंकले. मोठ्यांदा. कपाटाचं दार धाडकन उघडलं आणि परत येऊन त्यांच्याच नाकावर आपटलं.

टाळी पडली. त्या जागी ती पडायचीच, लोकांच्या हातांना सवय असते. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि टाळी व हसू एकमेकांत मिसळून गेलं. साउकाका नाक धरून ऐकत राहिले.

सकाळी कोळणीनं लिएनला स्वतःहून हाक मारली. मोठी मरळ टोपलीत टाकली.

"म्हाताऱ्याला आलं घालून रस्सा करून दे. दमट कपाटात ठेवलंस, सर्दी झाली त्याला." मग तोंडावर हात धरून म्हणाली, "काय शिंकला मेला."

"ते नाटक होतं, मावशी."

"असू दे की. आलं घाल."

दुपारी नावेत सगळे जेवायला बसले. साउकाकांचं नाक सुजलं होतं.

"ट्रांग, तू शिकलेली आहेस. ती टाळी गाण्याला होती की शिंकेला?"

"मला नाही कळलं, काका."

"तुला गं?"

लिएन भात वाढत होती. "आज शिंकणार ना, काका?"

साउकाकांनी वाडगा पुढे केला.

"शिंकतो," ते म्हणाले. "रस्सा वाढ. आल्याचे तुकडे मात्र नकोत, सर्दी बरी व्हायची."